देवमासे कमी झाले की मोजणारे डोळे बदलले?

बेळगावातून समुद्र दिसत नाही, पण चोर्ला घाट उतरून गोव्याला किंवा दुसऱ्या वाटेने कारवारला काही तासांत पोहोचता येत असल्याने समुद्राच्या बातम्या सीमाभागातल्या वाचकाला परक्या वाटत नाहीत. गेल्या काही वर्षांत या बातम्यांत ‘व्हेल माशाची उलटी’, म्हणजे अंबरग्रीस, वारंवार येऊ लागली आहे. कोट्यवधी रुपयांचा माल जप्त झाला, तस्करांना अटक झाली, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये गुन्हा नोंदवला गेला, असा या बातम्यांचा ठरलेला मजकूर असतो. अशीच एक बातमी वाचून शेजारच्या निवृत्त गुरुजींनी मला विचारले, “ज्याची उलटी एवढी महाग, तो प्राणी समुद्रात किती उरला आहे हे कोणी मोजले आहे का? आणि पाण्याखालचे मोजतात तरी कसे?” प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरात अशी एक गाठ आहे की ती सोडवण्यासाठी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे वाद घातला आहे. देवमाशांचा आकडा देवमाशांवर अवलंबून असतोच, पण जहाजावर दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या अनुभवावरही तो अवलंबून असतो.

देवमासा हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण तो मासा नाही. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्यासाठी त्याला अधूनमधून पृष्ठभागावर यावेच लागते. जहाजावरून डोळ्यांनी त्याची गणना शक्य होते ती केवळ या एका लाचारीमुळे.

सगळे मोजायचे नसतात

खानापूरहून जांबोटीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसलेले गवे मोजून सगळ्या जंगलात किती गवे असतील हे सांगता येईल का? नुसते मोजून सांगता येणार नाही. मात्र आपण किती किलोमीटर गेलो आणि दोन्ही बाजूंना किती आतपर्यंत आपली नजर पोहोचत होती हे ठाऊक असेल, तर तेवढ्या पट्ट्यातली दाटी काढून ती सबंध जंगलाला लावता येते. देशभर होणाऱ्या व्याघ्रगणनेत वाघाचे भक्ष्य असलेल्या चितळ-सांबरांसाठी वनकर्मचारी ठरलेल्या सरळ वाटांवरून चालत जाऊन नोंदी करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. एक अडचण मात्र आहे. गाडीरस्ता जनावरांच्या वर्दळीपासून दूर किंवा मुद्दाम सपाटीवरून काढलेला असतो, त्यामुळे मोजणीची रेषा आधी नकाशावर आखावी लागते आणि ती आखताना जनावरे कुठे आहेत याचा विचार करायचा नसतो.

समुद्रावर असेच करतात. नकाशावर सरळ किंवा नागमोडी रेषा आखून जहाज साधारण दहा नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर वेगाने त्यांवरून नेले जाते. अमेरिकेच्या प्रशांत महासागरातील पाहण्यांत एका वेळी तिघे जण कामावर असतात. दोघे पंचवीस पट मोठे दाखवणाऱ्या, खांबावर बसवलेल्या दुर्बिणींतून डावी-उजवी बाजू न्याहाळतात आणि तिसरा नोंदी घेतो. दर चाळीस मिनिटांनी जागा बदलतात आणि दोन तासांनी पाळी संपते, कारण त्यापुढे डोळे उघडे असले तरी पाहणे थांबलेले असते. देवमासा दिसला की त्याचा कोन आणि अंतर टिपतात आणि त्यांवरून तो रेषेपासून काटकोनात किती दूर होता हे काढतात. सगळा हिशेब या काटकोनातल्या अंतरावर उभा असतो.

कमी दिसले तरी उत्तर तेच

समजा, एक जहाज ५०० किलोमीटर गेले आणि अनुभवी निरीक्षकाला देवमाशांचे २० कळप दिसले. त्याची नजर दोन्ही बाजूंना परिणामकारकपणे एकेक किलोमीटर पोहोचत होती असे धरू, म्हणजे १,००० चौरस किलोमीटर पाहून झाले. सबंध क्षेत्र ५०,००० चौरस किलोमीटरचे असेल तर अंदाज येतो १,००० कळपांचा. (हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.)

आता त्याच रेषेवर नवखा निरीक्षक पाठवू. त्याला १४ च कळप दिसतात. आकडा घसरला असे आपल्याला वाटेल. पण त्याच्या नोंदींतली अंतरे पाहिली तर दूरचे कळप त्याला फारसे दिसलेलेच नाहीत आणि त्याची नजर ७०० मीटरपर्यंतच पोहोचते आहे, असे लक्षात येते. म्हणजे त्याने ७०० चौरस किलोमीटरच पाहिले. १४ भागिले ७०० गुणिले ५०,००० केले की उत्तर पुन्हा १,००० च येते.

नजर कुठवर पोहोचली हे अंतरांवरून कळते, ते असे: रेषा देवमाशांना विचारून आखलेली नसल्याने ते रेषेच्या जवळ आणि दूर सारख्याच दाटीने असणार. तरीही दर शंभर मीटरच्या पट्टीत दिसलेल्यांची संख्या रेषेपासून दूर जाऊ तशी घटत असेल, तर ती घट देवमाशांची नसून नजरेची आहे. नवखेपणाचा हा दोष नोंदींतच उघडा पडतो आणि म्हणून हिशेबात भरून काढता येतो. ही पद्धत ज्यांनी घडवली त्यांच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते ती इथे.

रेषेवरचे सुटते तेव्हा

पण या सगळ्या हिशेबाच्या तळाशी एक गृहीत आहे. जहाजाच्या अगदी वाटेवरचा, म्हणजे शून्य अंतरावरचा देवमासा कधीच सुटत नाही, असे त्यात धरलेले असते. दूरच्या पट्टीत किती सुटले हे आपण जवळच्या पट्टीशी तुलना करून काढतो. जवळच्या पट्टीतच गळती असेल तर तुलना कशाशी करणार?

बटाट्याच्या बाजारातला काटा आठवावा. एका पोत्याला बरोबर आणि दुसऱ्याला कमी वजन दाखवणारा काटा लगेच पकडला जातो. पण जो काटा प्रत्येक पोते सारख्याच प्रमाणात हलके दाखवतो, त्याच्यावर कितीही पोती एकमेकांशी ताडून पाहिली तरी संशय येत नाही. रेषेवरची गळती या दुसऱ्या काट्यासारखी आहे. आपला नवखा निरीक्षक दूरचे तर सोडतोच, पण अगदी जवळचेही काही सोडत असेल आणि १४ ऐवजी १० च कळप टिपत असेल, तरी अंतरांचा आलेख तसाच दिसेल, पट्टा ७०० मीटरचाच ठरेल आणि अंदाज येईल ७१४ कळपांचा. जवळपास ३०० कळप कागदावरून नाहीसे होतील आणि ते नाहीसे झाल्याची खूण नोंदवहीत कुठेही नसेल.

या गळतीचे दोन प्रकार आहेत. एकात प्राणी पाण्याखाली असल्याने नजरेसमोर नसतोच. ज्याच्या पोटात अंबरग्रीस तयार होते तो स्पर्म व्हेल एकेका बुडीत पाऊण तास सहज खाली राहतो. तेवढ्यात जहाज जवळपास १४ किलोमीटर पुढे गेलेले असते. कुव्हिएरचा चोचधारी देवमासा तर एकदा २२२ मिनिटे खाली राहिल्याची नोंद आहे. अशा वेळी चाळीस वर्षांचा अनुभवही कामाचा नाही. दुसऱ्या प्रकारात प्राणी पृष्ठभागावर येतो, समोर असतो, तरी तो नजरेतून सुटतो. अनुभवाचा खरा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी आहे.

अनुभव म्हणजे नेमके काय

अनुभवी म्हणजे तीक्ष्ण दृष्टीचा, असा समज असतो. प्रत्यक्षात वीस वर्षांच्या तरुणाचे डोळे पन्नाशीच्या निरीक्षकापेक्षा बहुधा चांगलेच असतात. फरक पडतो तो काय शोधायचे हे ठाऊक असण्याने. घरात तांदूळ निवडायला बसलेल्या आजीला चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नसले तरी खडा तिच्या हातून सुटत नाही आणि नातवाच्या ताटातून मात्र निम्मे खडे भातात जातात. आजी प्रत्येक दाणा पाहत नसते. ताटातल्या तांदळाच्या रंगाची आणि आकाराची लय तिच्या डोळ्यांत बसलेली असते आणि त्या लयीत जे बसत नाही तेवढेच तिला खुपते.

समुद्राचेही असेच आहे. क्षितिजाजवळ देवमासा म्हणून दिसणारी गोष्ट क्वचितच देवमाशासारखी असते. क्षणभर उठून विरणारा उच्छ्वासाचा फवारा, लाटेच्या शुभ्र फेसापेक्षा किंचित वेगळी उसळी, उन्हात चमकून गेलेली ओली पाठ किंवा एकाच ठिकाणी घिरट्या घालणारे पक्षी एवढेच काय ते हाती असते. त्या फवाऱ्यातही भेद असतात. स्पर्म व्हेलचे नाक डोक्याच्या डाव्या बाजूला असल्याने त्याचा फवारा डावीकडे, पुढे झुकलेला असतो. राइट व्हेलचा फवारा दोन शाखांचा, निळ्या देवमाशाचा उंच आणि सरळ, तर हंपबॅकचा बुटका आणि झुडपासारखा. वाऱ्याने फवारा मोडला की हे भेद पुसट होतात. वाऱ्याच्या बोफर्ट मोजपट्टीवर ३ च्या आसपास लाटांवर पांढरे तुरे दिसू लागतात आणि त्या हजारो तुऱ्यांतून एक फवारा वेगळा काढायचा असतो. निवांत समुद्रात नवखा आणि जुना यांच्यात फारसा फरक नसेल. तो पडतो तो अशा दिवशी.

शिवाय पाहण्याइतकीच नोंदण्याचीही सवय लागते. नवा माणूस अंतर आणि कोन पूर्णांकात टाकतो, म्हणजे ५ अंश, १० अंश किंवा सरळ समोर वाटले की शून्य. हे शून्य फार धोक्याचे. खरे तर ३ अंशांवर असलेला कळप शून्यावर लिहिला की तो रेषेवर येऊन बसतो, रेषेजवळ गर्दी झाल्यासारखी दिसते, त्यामुळे पट्टा अरुंद ठरतो आणि अंदाज वर जातो. म्हणजे नवखेपणाने आकडा नेहमी कमीच येतो असेही नाही. कळपात किती जण आहेत याचा अंदाज ही आणखी एक परीक्षा. डॉल्फिनचे मोठे कळप बहुतेक निरीक्षक खऱ्यापेक्षा कमी सांगतात, असे हवाई छायाचित्रांशी ताडून दिसले आहे आणि म्हणून काही संस्था प्रत्येक निरीक्षकाची चूक किती, हे मोजून त्याच्या आकड्यात दुरुस्ती करतात.

दक्षिण ध्रुवाजवळचा जुना वाद

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक खरे प्रकरण सांगतो. देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९७८-७९ पासून दर दक्षिणी उन्हाळ्यात अंटार्क्टिकाभोवती जहाजांनी पाहणी सुरू केली. मुख्य लक्ष्य होते मिंकी देवमासा, म्हणजे मोठ्या देवमाशांत लहान, फवारा पुसट आणि म्हणून डोळ्यांची कसोटी पाहणारा. सबंध खंडाला पूर्ण फेरा व्हायला अनेक वर्षे लागत. दुसरा फेरा १९९०-९१ मध्ये संपला आणि तिसरा २००३-०४ पर्यंत चालला. तिसऱ्या फेऱ्याचा आकडा जुन्या पद्धतीने काढल्यावर तो दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला आणि खळबळ उडाली.

व्यापारी शिकारबंदी १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झालेली होती. मग मिंकी गेले कुठे? खरोखर कमी झाले? जहाज शिरू शकत नाही अशा बर्फात जास्त संख्येने गेले? की पाहण्याची पद्धत आणि पाहणारी माणसे बदलली? शेवटची शंका उगाच घेतलेली नव्हती. पाहणीत वापरलेल्या जहाजांत मुळात शिकारीसाठी बांधलेल्या बोटी होत्या आणि डोलकाठीवरच्या पिंपात उभे राहून फवारा शोधण्याची कला ही शिकाऱ्यांची कला होती. व्यापारी शिकार थांबली की त्या कलेत मुरलेली पिढीही हळूहळू निवृत्त होणार. निरीक्षकांचा अनुभव आणि मिंकी दिसण्याचे प्रमाण यांवर त्यामुळे स्वतंत्र अभ्यास करावे लागले.

बरीच वर्षे चर्चा झाल्यावर २०१२ साली आयोगाच्या वैज्ञानिक समितीने रेषेवरची गळती धरून काढलेले आकडे मान्य केले. दुसऱ्या फेऱ्यासाठी सुमारे ७,२०,००० आणि तिसऱ्यासाठी सुमारे ५,१५,०००. घट दिसतेच, पण ‘निम्म्याहून कमी’ आणि ‘तीन दशांशाच्या आसपास घट’ यांत मोठे अंतर आहे आणि दोन्ही आकड्यांची अनिश्चितता लक्षात घेतली तर तीही ठामपणे सांगता येत नाही. प्राण्यांत बदल न होताही मोजणीच्या हिशेबात किती मोठा खड्डा पडू शकतो, हे या प्रकरणाने दाखवले.

‘मग एकाऐवजी दोन माणसे ठेवा’

हा उपाय खरोखर वापरतात. दोन निरीक्षक एकमेकांना दिसणार-ऐकू येणार नाहीत अशा दोन जागी ठेवतात आणि कोणते देवमासे दोघांनाही दिसले हे नंतर जुळवतात. यातले गणित बेळगावच्या एखाद्या जुन्या मराठी छापखान्यात चटकन पटले असते. एकाच गॅलीची मुद्रिते दोघांनी स्वतंत्रपणे तपासली. पहिल्याला ४० चुका सापडल्या, दुसऱ्याला ३०, त्यांतल्या २४ दोघांनाही सापडल्या. दुसऱ्याने पकडलेल्या ३० पैकी २४, म्हणजे ऐंशी टक्के, पहिल्यालाही सापडल्या होत्या. तेव्हा पहिला एकूण चुकांपैकी ऐंशी टक्के पकडतो असे धरायला हरकत नाही. त्याच्या ४० म्हणजे एकूण चुका ५०. दोघांनी मिळून ४६ पकडल्या, चार कोणालाच दिसल्या नाहीत. एकाची नजर कच्ची असली तरी ती किती कच्ची हे दुसऱ्यामुळे कळते.

पण छापखान्यातल्यांना हेही ठाऊक असते की ठळक चुका दोघांनाही सापडतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या दोघांच्याही सुटतात. त्यामुळे जुळणाऱ्यांची संख्या फुगते आणि एकूण अंदाज कमी येतो. देवमाशांत मोठा कळप, उंच फवारा या ठळक चुका होत आणि एकटा, शांतपणे वर येऊन जाणारा मिंकी हा ऱ्हस्व-दीर्घ होय. कळपाचा आकार, वारा, निरीक्षक हे घटक हिशेबात घालून ही त्रुटी बरीच कमी करता येते. पाण्याखाली असलेला प्राणी मात्र दोघांनाही दिसत नाही, म्हणून बुडीच्या वेळांची माहिती वेगळी जोडावी लागते.

‘अनुभवीच का घेत नाहीत?’

शक्य तिथे घेतातच, पण सगळेच अनुभवी असतील तर पुढचे अनुभवी कुठून येणार? नव्यांना जुन्यांसोबत उभे करूनच शिकवावे लागते. याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. एका वर्षी नजर कच्ची असणे हा तेवढा मोठा दोष नाही. दोन पाहण्यांच्या मधल्या काळात ती बदलणे आणि त्या बदलाची नोंद नसणे हा आहे. पहिल्या पाहणीत नवखे आणि पाच वर्षांनी तेच मुरलेले, तर कागदावर देवमासे वाढतील. हा आनंदाचा आकडा मला घसरणीच्या आकड्यापेक्षा जास्त घातक वाटतो, कारण घसरण दिसली की चौकशी होते, वाढ दिसली की सत्कार होतो. म्हणूनच प्रत्येक नोंदीसमोर निरीक्षकाची ओळख, त्याने केलेल्या पाहण्या आणि त्या वेळचा समुद्र हे लिहिले जाते.

आकडा चुकला तर बिघडते काय

अमेरिकेत जाळ्यात चुकून मरणाऱ्या समुद्री सस्तन प्राण्यांची कमाल मर्यादा ठरवण्याचे एक सूत्र आहे. संख्येचा सावध, किमान अंदाज घ्यायचा, त्याला वाढीच्या कमाल दराच्या निम्म्याने गुणायचे (देवमाशांसाठी हा दर सहसा चार टक्के धरतात, म्हणून निम्मा दोन टक्के) आणि मग सावधगिरीच्या एका गुणकाने पुन्हा गुणायचे. किमान संख्या २,००० आणि गुणक अर्धा असेल तर वर्षाची मर्यादा येते २०. तीच संख्या १,४०० निघाली तर मर्यादा १४. सहा प्राण्यांच्या या फरकावर एखाद्या बंदरातल्या बोटी हंगामभर समुद्रात जाणार की नाही हे ठरू शकते.

हे फक्त तिकडचे नाही. अमेरिकेला मासळी पाठवणाऱ्या देशांनीही या प्राण्यांच्या रक्षणासाठी तोडीची व्यवस्था दाखवावी, असा नियम त्या देशाने २०१६ साली केला आणि त्याची मुदत लांबत २०२५ च्या अखेरीपर्यंत आली. आपल्या कोळंबीची मोठी बाजारपेठ तिथे असल्याने भारतीय समुद्रातले देवमासे आणि डॉल्फिन मोजण्याचे काम केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला हाती घ्यावे लागले. कारवारच्या मासळी बाजारात बसलेल्या बाईपर्यंत हा धागा पोहोचतो, तिला तो दिसत नसला तरी.

‘आता ड्रोन आणि कॅमेरे आहेत ना?’

आहेत आणि उपयोगीही आहेत. स्पर्म व्हेल खोल पाण्यात सतत टकटक आवाज काढतो, त्यामुळे जहाजामागे ओढलेल्या ध्वनिग्राहकांनी तो बुडालेला असतानाही सापडतो. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे ठसे प्रत्येकाचे वेगळे असल्याने छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. ओमानच्या किनाऱ्यावरच्या हंपबॅकची संख्या, सुमारे ८२, याच रीतीने काढली गेली. त्यांतलीच ‘लुबान’ नावाची मादी अंगावर बसवलेल्या, उपग्रहाला ठावठिकाणा कळवणाऱ्या खुणेसह अरबी समुद्र ओलांडून २०१७ च्या अखेरीस भारताच्या दक्षिण टोकाकडे आली होती.

पण यंत्रालाही काय शोधायचे हे कोणीतरी शिकवावे लागते आणि शिकवण्यासाठी वापरलेली छायाचित्रे माणसानेच ओळखून दिलेली असतात; त्याने जे सोडले ते यंत्रही सोडायला शिकते. उष्णता टिपणारा कॅमेरा ध्रुवाजवळच्या गार हवेत उबदार फवारा दिवसरात्र न थकता पकडतो, तर अरबी समुद्राच्या कोमट पाण्यावर फवारा आणि भोवताल यांच्या तापमानात फरकच थोडा असल्याने त्याचे काम अवघड होते. त्यामुळे कारवारसमोरच्या समुद्रात एखादे पाहणी-जहाज निघाले तर त्यावर आजही दोन माणसे दुर्बीण लावून उभी असतील, तिसरा वेळ लिहीत असेल आणि चाळीस मिनिटे झाली की तिघेही जागा बदलतील.